वाचकांचे प्रश्न : सनी लिस्टन, तुरुंग आणि जगज्जेतेपद

मागील अंकातील मुहम्मद अलीवरच्या लेखात सनी लिस्टनचा उल्लेख ‘तुरुंगात मुष्टियुद्ध शिकलेला जगज्जेता’ एवढ्या एका ओळीत आला होता. त्या ओळीवर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत, आणि सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : दरोड्यासाठी शिक्षा भोगलेला माणूस थेट जगज्जेतेपदापर्यंत पोहोचला हे खरे वाटत नाही. तुरुंगात हा खेळ शिकवला जात असे काय? आणि सुटल्यावर त्याला संधी कोणी दिली?

उत्तर : ती ओळ अक्षरशः खरी आहे. चार्ल्स ‘सनी’ लिस्टनचा जन्म अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणाऱ्या एका मोठ्या कुटुंबात झाला. बापाचा मार आणि शेतातले काम एवढेच त्याच्या बालपणाचे भांडवल होते. शाळेशी संबंध जवळजवळ आलाच नाही. आई सेंट लुईस शहरात निघून गेल्यावर तोही कोवळ्या वयात तिच्या मागे तेथे गेला आणि थोड्याच काळात लुटारूंच्या एका टोळक्यात सामील झाला. अंगात पिवळा शर्ट घालून तो लुटीला जात असे आणि पोलिसांकडे त्याची ओळखही त्या शर्टावरूनच होती, यावरून त्याच्या गुन्हेगारीतील हुशारीचा अंदाज यावा. १९५० साली तो पकडला गेला, पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्याची रवानगी जेफरसन सिटी येथील मिसुरी राज्याच्या तुरुंगात करण्यात आली.

त्या काळी अमेरिकेतील अनेक तुरुंगांत कैद्यांची रग जिरावी म्हणून खेळांची सोय असे. जेफरसन सिटीच्या तुरुंगातील खेळांची जबाबदारी फादर अलॉइस स्टीव्हन्स या धर्मगुरूंकडे होती. वारंवार मारामारीत सापडणाऱ्या या धिप्पाड तरुणाला त्यांनी हातमोजे चढवायला लावले. काही आठवड्यांतच तुरुंगात त्याच्यासमोर उभा राहायला कोणी धजावेना. मग बाहेरून थर्मन विल्सन नावाचा एक व्यावसायिक हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटातला मुष्टियोद्धा, सरावासाठी बोलावण्यात आला. त्यानेही दोन फेऱ्यांनंतर आपल्याला रिंगबाहेर काढा, नाहीतर हा मला मारून टाकील, असे म्हटल्याचे सांगितले जाते. फादर स्टीव्हन्स यांनी आपले वजन खर्ची घातल्यामुळे ऑक्टोबर १९५२मध्ये लिस्टन पॅरोलवर सुटला. पुढच्याच वर्षी शिकागोच्या ‘गोल्डन ग्लोव्हज’ या हौशी स्पर्धेत त्याने १९५२च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता एड सँडर्स याला हरवले, आणि २ सप्टेंबर १९५३ रोजी सेंट लुईसमध्ये झालेली पहिली व्यावसायिक लढत अवघ्या ३३ सेकंदांत जिंकली.

येथवरची कथा तुरुंग अधीक्षकाने आपल्या वार्षिक अहवालात अभिमानाने छापावी अशी आहे. अडचण पुढे आहे. हौशी स्पर्धा संपल्या की मुष्टियोद्ध्याला पैसे गुंतवणारा माणूस लागतो. प्रशिक्षक, सरावाचे जोडीदार, प्रवास, दोन लढतींमधल्या महिन्यांचा खर्च हे सारे कोणीतरी आधी उचलावे लागते आणि त्याच्या बदल्यात लढतीच्या मानधनातला हिस्सा घ्यायचा असतो. अक्षरओळख नसलेल्या, पॅरोलवरच्या कृष्णवर्णीय तरुणासाठी असा पैसा घेऊन पुढे येणारी माणसे सेंट लुईसमध्ये कोणत्या प्रकारची होती, हे वेगळे सांगायला नको. जॉन व्हिटाले हा तेथील संघटित गुन्हेगारीतला बडा आसामी होता आणि लिस्टन त्याच्या पदरी राहिला. कामगारांना धाकात ठेवण्यासाठी त्याच्या शरीरयष्टीचा उपयोग केला जाई, अशी पोलिसांची नोंद होती. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाला गुन्हेगारीपासून दूर नेणारा रस्ता म्हणून जो खेळ दाखवला गेला, त्याच खेळाच्या दाराशी गुन्हेगार बसलेले होते. लिस्टनच्या कारकिर्दीविषयी जे काही प्रश्न विचारले जातात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ मला त्याने केलेल्या लुटींपेक्षा या एका गोष्टीत दिसते.

प्रश्न : सुटल्यानंतर त्याने पुन्हा गुन्हा केला होता काय?

उत्तर : होय. मे १९५६मध्ये सेंट लुईसमध्ये एका पोलिसाशी त्याची झटापट झाली. तीत पोलिसाचा गुडघा मोडला आणि त्याचे पिस्तूलही लिस्टनने काढून घेतले. त्या पोलिसाने वंशवाचक शिवी दिली, असे लिस्टनचे म्हणणे होते. त्याला नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि १९५७ हे संपूर्ण वर्ष तो रिंगबाहेर राहिला. त्यानंतर सेंट लुईसचे पोलीस त्याला दिसेल तेथे अडवू लागले आणि शेवटी त्याने ते शहर सोडून फिलाडेल्फिया गाठले. तेथेही १९६१मध्ये, रात्री एका बागेत मोटार अडवून पोलीस असल्याची बतावणी केल्याच्या आरोपावरून त्याला पकडण्यात आले. खटला टिकला नाही, पण पेनसिल्व्हेनियाच्या क्रीडा आयोगाने त्याचा परवाना काही काळ रोखून धरला. या घटनांपैकी पहिली गंभीर आहे आणि तिची सफाई देण्याचे कारण नाही. दुसरीत मात्र गुन्ह्यापेक्षा गुन्हेगार म्हणून झालेली ख्यातीच अधिक बोलत होती, असे माझे मत आहे.

प्रश्न : लढण्याचा परवाना कोण देते? न्यूयॉर्कने नाकारलेला माणूस शिकागोत जगज्जेतेपदासाठी कसा लढू शकला?

उत्तर : अमेरिकेत व्यावसायिक मुष्टियुद्धावर केंद्र सरकारचे थेट नियंत्रण नव्हते आणि आजही ते मर्यादितच आहे. प्रत्येक राज्याचा आपला क्रीडा आयोग असतो. मुष्टियोद्धा, त्याचा व्यवस्थापक, प्रशिक्षक आणि लढत भरवणारा प्रवर्तक या सर्वांना त्या राज्यात काम करायचे असेल तर तेथील आयोगाचा परवाना घ्यावा लागतो. एका राज्याने नकार दिला तर दुसऱ्या राज्याचे दार ठोठावता येते, आणि मोठ्या लढतीतून मिळणारा कर कोणत्याही राज्याला नकोसा नसतो.

लिस्टनच्या बाबतीत हा प्रश्न तीव्र झाला तो डिसेंबर १९६०मध्ये. सिनेटर एस्टिस केफॉव्हर यांच्या उपसमितीने व्यावसायिक मुष्टियुद्धातील गुन्हेगारांच्या शिरकावाची चौकशी केली आणि लिस्टनला साक्षीसाठी बोलावले. त्याचा कागदोपत्री व्यवस्थापक होता जोसेफ ‘पेप’ बॅरोन. प्रत्यक्षात त्याच्या कमाईतील निम्म्याहून अधिक वाटा फ्रँकी कार्बो याच्याकडे आणि उरलेल्यातील हिस्से ‘ब्लिंकी’ पालेर्मो व व्हिटाले यांच्याकडे जात असल्याचे चौकशीतून पुढे आले. कार्बो हा न्यूयॉर्कच्या टोळ्यांतला मातब्बर इसम होता आणि दीर्घकाळ मुष्टियुद्धाचा पडद्याआडचा सूत्रधार मानला जाई. १९६१मध्ये वेल्टरवेट या मधल्या वजनगटातील एका विजेत्याच्या कमाईवर डल्ला मारण्यासाठी धमकावणी केल्याच्या खटल्यात कार्बोला २५ वर्षांची आणि पालेर्मोला १५ वर्षांची शिक्षा झाली. लिस्टनने दरम्यान बॅरोनचा करार विकत घेऊन त्याला दूर केले, तरी मागची साखळी खरोखर तुटली यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही.

एप्रिल १९६२मध्ये न्यूयॉर्कच्या आयोगाने परवाना नाकारला तो या संबंधांवर बोट ठेवून. त्याचा तुरुंगवास हे एकटे कारण पुरेसे ठरले असते असे वाटत नाही, कारण शिक्षा भोगलेले अनेक जण त्या काळी लढत होते. इलिनॉय राज्याने परवाना दिला आणि लढत शिकागोला गेली. केफॉव्हर यांनी मुष्टियुद्धासाठी केंद्रीय नियंत्रक नेमण्याची सूचना मांडली होती, पण ती कायद्यात उतरली नाही. मुष्टियोद्ध्यांची नोंदणी आणि त्यांची सुरक्षितता यांविषयीचा केंद्रीय कायदा यायला १९९६ साल उजाडले, तर व्यवस्थापक आणि प्रवर्तक यांचे हितसंबंध वेगळे ठेवणारा, मुहम्मद अलीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २०००मध्ये झाला. परवाने आजही राज्येच देतात.

प्रश्न : लिस्टन खरोखर श्रेष्ठ होता, की दहशतीमुळे मोठा झाला?

उत्तर : हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनी त्याच्या १९५८ ते १९६३ या काळातील लढतींची चित्रणे जरूर पाहावीत. दहशत होतीच, पण ती त्याच्या डाव्या हाताने निर्माण केली होती. सहा फुटांहून किंचितच उंच असलेल्या या माणसाच्या दोन्ही हातांची पोहोच ८४ इंच होती आणि मुठीचा घेर १५ इंच. बहुतेक मुष्टियोद्धे डाव्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे जॅब, हा अंतर मोजण्यासाठी आणि समोरच्याला गुंतवून ठेवण्यासाठी वापरतात. खरा घाव उजव्या हाताने किंवा हुकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, घालायचा असतो. लिस्टनचा जॅबच घाव घालणारा होता. खांद्याचे सारे वजन मागे लावून तो असा काही यायचा की प्रतिस्पर्ध्याचे डोके मागे फेकले जाई, आणि ते पुन्हा सरळ होण्याच्या आत त्याच हाताचा हुक बरगडीवर किंवा जबड्यावर पडलेला असे. पाय मात्र जड होते. तो चालत पुढे येई, नाचत नाही. वेगाने बाजूला सरकणाऱ्या माणसासमोर त्याची पंचाईत होऊ शकते, हे १९६०मध्येच एडी मेशनने बारा फेऱ्या टिकून दाखवून दिले होते. ती लढत लिस्टनने गुणांवर जिंकली.

बाकी यादी पाहिली तर शंका राहत नाही. ज्याच्या ठोशाला बाकीचे घाबरत त्या क्लीव्हलँड विल्यम्सला त्याने १९५९मध्ये तिसऱ्या आणि १९६०मध्ये दुसऱ्या फेरीत थांबवले. झोरा फॉली हा तंत्रशुद्ध खेळाडू तिसऱ्या फेरीत गेला. त्याआधीची एकमेव हार १९५४ची, मार्टी मार्शलविरुद्धची, आणि तीत लिस्टनचा जबडा मोडला होता. मोडलेल्या जबड्याने तो आठही फेऱ्या लढला आणि निकाल दुभंगलेल्या कौलाने, म्हणजे पंचांत एकमत न होता, त्याच्या विरुद्ध गेला. पुढच्या दोन लढतींत त्याने मार्शलला हरवले.

तत्कालीन जगज्जेता फ्लॉइड पॅटरसन हा सभ्य, संकोची आणि सर्वांचा लाडका होता. त्याने लिस्टनशी लढू नये, असे अनेकांनी त्याला सुचवले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेतील काही पुढाऱ्यांना वाटे की लिस्टनसारखा जगज्जेता चळवळीला अडचणीत आणील. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनीही भेटीत दुसरा प्रतिस्पर्धी निवडण्याचा सल्ला दिल्याचे पॅटरसनने सांगितले आहे. पॅटरसनने उलट विचार केला : ज्याने शिक्षा भोगली आहे त्याला संधी नाकारणे योग्य नाही. २५ सप्टेंबर १९६२ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर २१४ पौंडांचा लिस्टन आणि १८९ पौंडांचा पॅटरसन समोरासमोर आले आणि सव्वादोन मिनिटांच्या आत सारे आटोपले. हरलो तर कोणी ओळखू नये म्हणून पॅटरसनने खोटी दाढी-मिशी आधीच बरोबर आणली होती. ती लावून तो शहराबाहेर पडला. जुलै १९६३मधली लास व्हेगासची फेरलढतही पहिल्याच फेरीत संपली. शिकागोची लढत जिंकल्यावर लिस्टन विमानाने फिलाडेल्फियाला परतला तेव्हा स्वागताला लोक येतील अशी त्याची समजूत होती. विमानतळावर होते ते मोजके बातमीदार.

प्रश्न : अलीविरुद्धच्या दोन्ही लढती त्याने पैसे घेऊन गमावल्या असे सर्रास म्हटले जाते. आपले मत काय?

उत्तर : दोन लढतींचा विचार वेगवेगळा केला पाहिजे, आणि येथे माझे मत हे मतच आहे, निकाल नव्हे.

२५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे झालेल्या पहिल्या लढतीत लिस्टन सहाव्या फेरीनंतर स्टुलावरून उठलाच नाही. डावा खांदा दुखावला असे कारण देण्यात आले, वैद्यकीय तपासणीत स्नायुबंधाची इजा आढळल्याचे सांगण्यात आले आणि सरकारी चौकशीत लबाडीचा पुरावा मिळाला नाही. संशयाला खाद्य मिळाले ते दुसऱ्याच एका कागदामुळे. लिस्टनशी संबंधित प्रवर्तक कंपनीने कॅशस क्लेची, म्हणजे नंतरच्या अलीची, पुढची लढत भरवण्याचे हक्क ५० हजार डॉलर देऊन आधीच घेऊन ठेवले होते. ज्याच्या विजयाची शक्यता सट्टेबाज सातास एक मानत होते, त्याच्या पुढच्या लढतीसाठी एवढी रक्कम का मोजावी, हा प्रश्न रास्तच होता. तरीही लढतीचे चित्रण पाहिले तर ती ठरवून गमावल्यासारखी दिसत नाही. तिसऱ्या फेरीत लिस्टनच्या डाव्या डोळ्याखाली जखम झाली. चौथ्या फेरीनंतर क्लेच्या डोळ्यांची आग होऊ लागली. लिस्टनच्या हातमोज्यांवर कसलासा पदार्थ होता असा आरोप झाला. पाचव्या फेरीत अर्धवट आंधळा झालेला क्ले नुसता मागे सरकत असताना लिस्टनने त्याला गाठण्यासाठी जिवाचे रान केले. हरण्याचे पैसे घेतलेला माणूस त्या तीन मिनिटांत तसा तुटून पडला नसता. सहा फेऱ्यांअखेर पंचांच्या गुणांचा हिशेब बरोबरीत होता. माझ्या समजुतीप्रमाणे त्याने कमी तयारी केली होती, वय झाले होते आणि आपल्या भीतीने न गारठणारा माणूस पहिल्यांदाच समोर आला होता.

दुसऱ्या लढतीची गोष्ट निराळी आहे. ती नोव्हेंबर १९६४मध्ये बोस्टनला होणार होती. अलीवर ऐन वेळी हर्नियाची शस्त्रक्रिया करावी लागली, नंतर बोस्टनमध्ये परवानगीचे अडथळे आले आणि अखेरीस २५ मे १९६५ रोजी मेन राज्यातील लुइस्टन या छोट्या गावातल्या आइस हॉकीच्या सभागृहात ती झाली. प्रेक्षक होते २,४३४. पहिल्या फेरीत लिस्टनचा जॅब चुकवून अलीने वरून एक आखूड उजवा ठोसा मारला; तो इतका झटकन आला की समोर बसलेल्या अनेकांना दिसलाच नाही. लिस्टन खाली पडला. नियमाप्रमाणे खाली पाडणाऱ्याने तटस्थ कोपऱ्यात जायचे असते आणि मगच रेफरीने मोजायला सुरुवात करायची असते. अली तेथेच उभा राहून ‘ऊठ आणि लढ’ म्हणून ओरडत राहिला आणि माजी जगज्जेता असलेले रेफरी जो वॉलकॉट त्याला दूर करण्यात गुंतले. त्यांनी मोजणी केलीच नाही. लिस्टन उठू लागला, पुन्हा कलंडला, मग उभा राहिला आणि दोघे पुन्हा लढूही लागले. तेवढ्यात रिंगबाहेरून नॅट फ्लायशर या मुष्टियुद्ध-पत्रकाराने दहापेक्षा जास्त सेकंद झाल्याचे ओरडून सांगितले, आणि वॉलकॉट यांनी लढत थांबवली. निकाल एक मिनिटाला जाहीर झाला. प्रत्यक्षात दोन मिनिटे उलटून गेली होती. म्हणजे सर्वांत वादग्रस्त रात्री नियमांचे पालन जवळजवळ कोणीच केले नाही.

ठोसा लागला होता, हे चित्रणात दिसते. लिस्टनसारख्या माणसाने त्या ठोशावर तेवढा वेळ पडून राहावे, हे मात्र मला पटत नाही. त्याला उठायचे नव्हते असे वाटते. टोळ्यांचा दबाव, अलीच्या समर्थकांची भीती, सट्टा अशी कारणे सांगितली जातात, पण एकाही कारणाला साठ वर्षांत पुरावा जोडला गेलेला नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. असाच गोंधळ पॅटरसनच्या लढतीत झाला असता तर तो रेफरीचा ढिसाळपणा म्हणून विसरला गेला असता. लिस्टनच्या वाट्याला तो संशय कायमचा आला, कारण पाच वर्षांपूर्वी सिनेटच्या समितीसमोर त्याचे मालक कोण हे उघड झाले होते.

प्रश्न : त्याचे वय नेमके किती होते? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे वाचले.

उत्तर : जन्माची सरकारी नोंद नव्हती. ८ मे १९३२ ही तारीख अधिकृत म्हणून वापरली गेली, पण तो त्याहून एकदोन वर्षांनी तरी मोठा असावा असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. लुइस्टनच्या रात्री कागदावर तो ३३ वर्षांचा होता.

प्रश्न : त्यानंतर त्याचे काय झाले? त्याचा खून झाला असे ऐकले.

उत्तर : अमेरिकेत कोणी परवाना देईना, म्हणून १९६६-६७मध्ये तो स्वीडनमध्ये चार लढती लढला आणि चारही जिंकला. १९६८पासून मायदेशी पुन्हा लढू लागला. डिसेंबर १९६९मध्ये लिओटिस मार्टिनने त्याला नवव्या फेरीत बेशुद्ध पाडले, पण त्या लढतीत मार्टिनच्याही डोळ्याचा पडदा सुटला आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली. जून १९७०मध्ये जर्सी सिटी येथे लिस्टनने चक वेपनरचा चेहरा असा फाडला की टाक्यांची संख्या पन्नासच्या वर गेली. ती त्याची अखेरची लढत ठरली. एकूण ५४ लढती, ५० विजय, त्यांपैकी ३९ बाद पाडून.

५ जानेवारी १९७१ रोजी त्याची पत्नी जेराल्डीन प्रवासाहून लास व्हेगासच्या घरी परतली तेव्हा तिला तो मृतावस्थेत आढळला. मृत्यू काही दिवस आधीच झाला होता. शरीरात हेरॉइनचे अंश सापडले, मात्र अधिकृत कारण फुप्फुसांत रक्त साचणे आणि हृदयविकार असे नोंदले गेले. त्याला सुईची विलक्षण भीती वाटे, या आठवणीवरून खुनाची चर्चा सुरू झाली. त्यापलीकडे त्या चर्चेला आधार नाही.

प्रश्न : गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले इतर हेवीवेट मुष्टियोद्धे कोण? त्यांनाही असाच विरोध झाला काय?

उत्तर : माइक टायसनचे नाव सर्वांना ठाऊक आहे. येथे एक मजेशीर दुवा सांगण्यासारखा आहे. पॅटरसनने लिस्टनशी लढू नये असा ज्यांचा आग्रह होता, ते त्याचे व्यवस्थापक कस डामॅटो. आणि सुधारगृहातून आलेल्या किशोरवयीन टायसनला आपल्या घरात ठेवून घडवणारेही तेच डामॅटो. त्यांचे वैर गुन्हा केलेल्या मुलाशी नव्हते. कार्बोच्या टोळीशी होते. टायसन १९८६मध्ये विसाव्या वर्षी जगज्जेता झाला, १९९२मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला, १९९५मध्ये सुटला आणि वर्षभरात पुन्हा जगज्जेतेपद मिळवून बसला. नेव्हाडा राज्याने त्याचा परवाना रद्द केला तो १९९७मध्ये, लढतीत प्रतिस्पर्धी इव्हँडर होलीफील्डचा कान चावल्यानंतर. म्हणजे तुरुंगवासाने जे झाले नाही ते रिंगमधल्या वर्तनाने झाले. आणि तोही परवाना पुढच्या वर्षी परत मिळाला.

लिस्टनच्या अधिक जवळ जाणारे उदाहरण मात्र डेन्व्हरच्या रॉन लाइलचे आहे. टोळीयुद्धातील एका खुनासाठी तो एकोणिसाव्या वर्षी कोलोराडोच्या तुरुंगात गेला, तेथे सुरीहल्ल्यातून थोडक्यात वाचला, तेथेच मुष्टियुद्ध शिकला आणि सुमारे साडेसात वर्षांनी सुटला. व्यावसायिक पदार्पण केले ते तिसाव्या वर्षी, १९७१मध्ये. मे १९७५मध्ये लास व्हेगास येथे तो अलीविरुद्ध दहा फेऱ्यांनंतर गुणांवर पुढे होता. अकराव्या फेरीत अलीने त्याला गाठले आणि रेफरीने लढत थांबवली. जानेवारी १९७६मधली माजी जगज्जेता जॉर्ज फोरमनशी झालेली त्याची लढत, जीत दोघेही खाली पडले आणि पाचव्या फेरीत लाइल हरला, ती हेवीवेट गटातील सर्वांत घणाघाती लढतींपैकी एक मानली जाते. त्याचा गुन्हा लिस्टनच्या गुन्ह्यांपेक्षा कितीतरी गंभीर होता, तरी त्याला जगज्जेतेपदाची संधी देऊ नये म्हणून कोणा राष्ट्राध्यक्षाला बोलावे लागले नाही. १९७७मध्ये त्याच्या घरी त्याच्या माजी प्रशिक्षकाचा गोळी लागून मृत्यू झाला तेव्हा त्याच्यावर पुन्हा खुनाचा खटला भरला गेला. स्वसंरक्षणाचा बचाव मान्य होऊन तो सुटला आणि पुन्हा रिंगमध्ये उतरला. १९९५मध्ये, चौपन्नाव्या वर्षी, त्याने आणखी चार लढती जिंकल्या. २०११मध्ये तो वारला. त्याआधीची काही वर्षे तो डेन्व्हरमध्ये मुलांना मुष्टियुद्ध शिकवत होता.